ब्रायटनचे घुमट आणि टेकडीवरचे इस्पितळ

मराठी माणसाला ब्रायटन हे गाव एका कवितेमुळे ठाऊक आहे. १९०९ साल सरत आले होते. लंडनमध्ये मदनलाल धिंग्राला फाशी झाली होती, इकडे थोरल्या बंधूंना, बाबारावांना, काळ्या पाण्याची शिक्षा झाली होती, आणि सावरकर या गावच्या किनाऱ्यावर निरंजन पालांच्या सोबतीने बसले होते. सागराला उद्देशून तिथे लिहिलेली ती कविता तुम्ही शाळेत म्हटली असेल, हृदयनाथ मंगेशकरांच्या चालीत ऐकली असेल. आपल्यापैकी जी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्राबाहेर राहत आली आहेत, त्यांच्या घरांत तर ती जरा जास्तच आळवली गेली.

त्या कवितेत समुद्र आहे, गाव नाही. ते स्वाभाविकच आहे, कारण कवीचे तोंड समुद्राकडे होते. या लेखात मला तुम्हाला पाठ फिरवायला सांगायची आहे. किनाऱ्याकडे पाठ करून पाच-सात मिनिटे चालले की घरांच्या रांगांमधून अचानक कांद्याच्या आकाराचे घुमट, मनोरे आणि दगडी जाळ्या दिसू लागतात. क्षणभर आपण दिल्ली-आग्ऱ्याच्या वाटेवर आहोत की काय, असे वाटते. हा रॉयल पॅव्हेलियन. गावातल्या प्रत्येक दुकानात त्याची चित्रे टांगलेली असतात. याच गावाच्या पूर्वेला चढावर घड्याळाचा मनोरा असलेली एक लांबलचक, गंभीर चेहऱ्याची इमारतही आहे. तिचे चित्र कुठल्याही दुकानात मिळत नाही. पण एका मराठी आडनावाचा त्या गावाशी आलेला दुसरा संबंध त्या इमारतीतला आहे, आणि तो कोणी चालीवर गायिलेला नाही.

ब्रायटन इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, लंडनपासून रेल्वेने तासाभराच्या अंतरावर आहे. अडीचशे-तीनशे वर्षांपूर्वी ते ब्राइटहेल्मस्टन नावाचे कोळ्यांचे गाव होते. मग जवळच्या लुईस गावच्या डॉ. रिचर्ड रसेलने १७५० साली समुद्राच्या पाण्याच्या औषधी गुणांवर लॅटिनमध्ये एक ग्रंथ लिहिला. समुद्रात डुंबावे आणि ते खारे पाणी प्यावेसुद्धा, असे त्याचे सांगणे होते. प्यायचा भाग सोडून देऊ. पण श्रीमंतांना गावाबाहेर पडायला वैद्याचा सल्ला हे निमित्त कधीही पुरते. लोक येऊ लागले, त्यांच्या मागोमाग घरे उठू लागली. १७८३ साली युवराज जॉर्ज पहिल्यांदा आला. हाच पुढे चौथा जॉर्ज म्हणून गादीवर बसला. कर्जबाजारी, खादाड, रसिक आणि हौशी, असा हा गडी. त्याने इथले एक साधे शेतघर भाड्याने घेतले, आणि १७८७ साली हेन्री हॉलंड या वास्तुकाराकडून त्याचा एक टुमदार, पांढरा, युरोपीय वळणाचा बंगला करून घेतला.

भारताचा शिरकाव झाला तो आधी घोड्यांच्या वाट्याला. विल्यम पोर्डनने १८०३ ते १८०८ या काळात युवराजासाठी पागा बांधली आणि तिच्यावर सुमारे ऐंशी फूट व्यासाचा घुमट चढवला. बाहेरून कमानी आणि नक्षी मोगली थाटाची. घुमटाच्या बांधणीचे गणित मात्र पॅरिसच्या धान्यबाजारावरून घेतलेले होते. युवराजापेक्षा त्याचे घोडे ऐटीत राहतात, अशी तेव्हा गावात चेष्टा होई. आता शेजारच्या पागेसमोर मालकाचा बंगला बुटका दिसू लागला, आणि १८१५ साली जॉन नॅशला बोलावणे गेले.

नॅशने हॉलंडचा बंगला पाडला नाही. त्याने त्याला अंगरखा चढवला. जुन्या भिंतींवर आणि भोवती ओतीव लोखंडाचा सांगाडा उभारून त्यावर घुमट बसवले. लोखंडाचा असा वापर तेव्हा गिरण्यांमध्ये आणि पुलांमध्ये होत असे, राजाच्या घरात नव्हे. म्हणून मला पॅव्हेलियन पाहताना त्याच्या मोगलाईपेक्षा त्याच्या आतल्या गिरणीचे कौतुक जास्त वाटते. भिंतींना दगडाचा भास देणारा गिलावा आहे. मनोऱ्यांसारखी दिसणारी काही टोके प्रत्यक्षात धुराडी आहेत. १८२२-२३ पर्यंत काम चालले. लंडनचा सेंट पॉलचा घुमट समुद्रावर हवा खायला आला आणि इथे त्याला पिल्ले झाली, अशा अर्थाची कोटी सिडनी स्मिथ या विनोदी पाद्र्याच्या नावावर सांगतात.

यातल्या कोणीच हिंदुस्थान पाहिलेला नव्हता. पोर्डनने नाही, नॅशने नाही, युवराजाने तर नाहीच. त्यांनी पाहिली ती चित्रे. थॉमस डॅनियल आणि त्याचा पुतण्या विल्यम १७८६ साली कलकत्त्याला उतरले, काही वर्षे देशभर हिंडले आणि परत जाऊन १७९५ ते १८०८ या काळात त्यांनी हिंदुस्थानी वास्तूंच्या रंगीत छापचित्रांचे मोठे खंड काढले. त्या खंडांत वेरूळही आहे. पण ते डॅनियलांनी स्वतः काढलेले नव्हे. पेशव्यांच्या दरबारी राहिलेल्या आणि सवाई माधवराव व नाना फडणवीस यांचे चित्र रंगवणाऱ्या जेम्स वेल्सच्या रेखाटनांवरून ते केलेले आहे. त्याच सुमारास वेरूळची लेणी काढणारा पुण्याचा गंगाराम तांबट आपल्याला ठाऊक आहे. वेल्सच्या या वर्तुळातलाच तो. वेरूळच्या पानांचा नॅशला उपयोग नव्हता, कारण डोंगर पोखरून काढलेले मंदिर समुद्रकिनारी उभे कसे करणार? त्याने घुमट उचलले, छज्जे उचलले, जाळ्या उचलल्या. कुठल्या प्रांताचे, कुठल्या धर्माचे, हा प्रश्न त्याला पडण्याचे कारणच नव्हते. मशीद, मकबरा आणि महाल यांची अंगे एकत्र करून जे झाले, ते दूरदेशीचे आणि श्रीमंत दिसायला हवे, एवढीच अट होती.

आत गेल्यावर दुसरा धक्का बसतो. आत हिंदुस्थान नाहीच, चीन आहे. फ्रेडरिक क्रेस आणि रॉबर्ट जोन्स यांनी दालने सजवली ती ड्रॅगन, कंदील आणि बांबूंनी. भोजनशाळेतल्या झुंबराचे वजन एक टनाच्या आसपास आहे, आणि ते एका चंदेरी ड्रॅगनच्या नखांतून लोंबते. मुदपाकखाना मात्र मनापासून पाहावा. छताला आधार देणाऱ्या लोखंडी खांबांच्या माथ्यावर तांब्याची ताडपाने लावली आहेत, आणि धुराच्या उष्ण झोताने फिरणाऱ्या चक्रावर मांसाचे सळ फिरत. फ्रान्सचा नावाजलेला आचारी कारेम याने इथे काही काळ रांधले. १८१७ सालच्या एका मेजवानीत शंभराहून अधिक पदार्थ होते. हा मुदपाकखाना लक्षात ठेवा; शंभर वर्षांनी आपण त्यात पुन्हा येणार आहोत, वेगळ्या कामासाठी.

कागदावरून उतरवलेला हा हिंदुस्थान उभा राहत असताना एक हाडामांसाचा हिंदुस्थानी त्याच गावात दुकान थाटून बसला होता. शेख दीन महंमद हा पाटण्याचा, जन्म १७५९. कंपनीच्या फौजेबरोबर हिंडला, आयर्लंडमध्ये संसार केला, इंग्रजीत पुस्तक लिहिले, लंडनमध्ये खाणावळ काढून बुडवली आणि शेवटी ब्रायटनच्या किनाऱ्यावर वाफेचे स्नानगृह उघडले. तिथे तो गिऱ्हाइकांना चंपी करी. इंग्रजांनी त्याला ‘शॅम्पू’ म्हटले. डोक्याला लावायच्या साबणापर्यंत तो शब्द नंतर घसरत गेला. चौथा जॉर्ज आणि चौथा विल्यम या दोन्ही राजांची चंपी करण्याचा मान त्याला मिळाला. १८५१ साली तो वारला. सेंट निकोलस चर्चच्या आवारात त्याची कबर आहे. स्नानगृह मात्र राहिले नाही; त्या जागी आज हॉटेल आहे. ज्याने हिंदुस्थान पाहिला नव्हता त्याची इमारत टिकली आणि जो तिथून आला होता त्याची गेली. इमारतीचे टिकणे आपोआप होत नाही, कोणीतरी ती टिकवावी लागते.

पॅव्हेलियन कसे टिकले? व्हिक्टोरिया राणीला ते आवडत नसे. १८४१ साली लंडनची रेल्वे आली, माणसांचे लोंढे येऊ लागले, आणि लेकुरवाळ्या राणीला त्या वाड्यात ना जागा पुरे ना आडोसा. १८४५ नंतर ती तिथे परतली नाही. आतले सामान, झुंबरे, चुलाण्यांच्या चौकटी, भिंतींवरचे कागदसुद्धा काढून नेण्यात आले, आणि वाडा पाडून जागा विकण्याचे घाटू लागले. तेव्हा गावाने तो विकत घेतला. यावर गावात कडाक्याचे भांडण झाले. कर भरणाऱ्यांचा कौल अगदी निसटत्या बहुमताने बाजूने पडला. १८५० साली ५३,००० पौंडांना उघडा-बोडका वाडा नगरपालिकेच्या ताब्यात आला. पुढे राजघराण्याने बरेच सामान हळूहळू परत दिले. पागेचे १८६७ साली संगीतसभागृह झाले. त्याच घुमटाखाली १९७४ मध्ये आबा या स्वीडिश चमूने युरोपची गाण्याची स्पर्धा जिंकली.

वाडा घेणे हे एकदाचे काम असते, सांभाळणे रोजचे. १९७५ साली पॅव्हेलियनच्या संगीतदालनात कोणीतरी आग लावली. छताचे शिंपल्यांसारखे सोनेरी काम आणि गालिचा नव्याने करण्यात अकरा-बारा वर्षे गेली. काम संपते न संपते तोच १९८७ च्या ऑक्टोबरमध्ये मोठे वादळ झाले. एका मनोऱ्याच्या टोकावरचा दगडी गोळा सुटला आणि छत फोडून थेट नव्या गालिच्यात रुतला. कारागिरांनी पुन्हा हत्यारे काढली. ज्यांनी स्वतःच्या आजोबांचा वाडा डागडुजीवाचून ढासळताना पाहिला असेल, त्यांना ही गोष्ट वाचून हसू येणार नाही. याच किनाऱ्यावरच्या पश्चिम पिअरच्या नशिबी असा कोणी पालक आला नाही. पिअर म्हणजे समुद्रात शिरलेला लोखंडी फेरफटक्याचा पूल. युजिनियस बर्चने १८६६ मध्ये तो उभारला. त्याचे खांब समुद्रतळात ठोकलेले नव्हते, तर टोकाला आटे पाडून स्क्रूसारखे पिळून बसवलेले होते. १९७५ साली तो बंद झाला, २००२ च्या वादळात कोसळू लागला, २००३ मध्ये दोनदा जळला. आज पाण्यात त्याचा काळा सांगाडा तेवढा उभा आहे. सावरकर आले तेव्हा तो ऐन भरात होता. शेजारचा पॅलेस पिअर तर तेव्हा अवघा दहा वर्षांचा होता, आणि तो अजून चालतो.

आता वडोदऱ्याच्या वाचकांसाठी थोडे विषयांतर. लक्ष्मीविलास राजवाड्याचा आराखडा मेजर चार्ल्स मँटचा. १८८१ मध्ये तो वारला आणि रॉबर्ट चिझमने १८९० साली काम पुरे केले. कोल्हापूरचा नवा राजवाडाही मँटचाच. युरोपीय सोयींच्या घराला हिंदुस्थानी घुमट-छत्र्यांचा साज चढवायची जी रीत पुढे आपल्या संस्थानांत रुळली, तिचा एक फार जुना नमुना या इंग्रजी गावात उभा आहे. फरक इतकाच की मँट आणि चिझम यांनी इथले बांधकाम डोळ्यांनी पाहिले होते, इथल्या कारागिरांबरोबर काम केले होते. लक्ष्मीविलासची कमान पाहून ब्रायटनला जाणाऱ्याला पॅव्हेलियन नाटकाच्या पडद्यासारखे वाटते. मला तरी वाटले. नाटक म्हणून ते उत्तम आहे.

या नाटकात खरी माणसे आली ती १९१४ च्या डिसेंबरात. फ्रान्सच्या खंदकांतून जखमी हिंदी शिपायांना बोटींनी इंग्लंडला आणले जात होते. ब्रायटनमध्ये त्यांच्यासाठी तीन ठिकाणी इस्पितळे उघडली: पॅव्हेलियन व त्याची घुमटी पागा, यॉर्क प्लेसची शाळा आणि टेकडीवरचे वर्कहाऊस. मिळून सुमारे बारा हजार हिंदी शिपाई या गावातून उपचार घेऊन गेले. पॅव्हेलियनची निवड मुद्दाम झाली होती. शीख, गुरखा, पठाण, डोगरा यांना घुमटांखाली घरच्यासारखे वाटेल, अशी कल्पना! झुंबरांखाली खाटांच्या रांगा लागल्या. मुदपाकखान्यात, त्या तांब्याच्या ताडपानांखाली, शस्त्रक्रिया होऊ लागल्या. सोवळ्याओवळ्याची काळजी अशी घेतली होती की पॅव्हेलियन आणि पागेसाठी नऊ स्वयंपाकघरे होती. मुसलमानांची वेगळी, मांसाहारी हिंदूंची वेगळी, शाकाहारी हिंदूंची वेगळी. पाण्याचे नळही निराळे. हिरवळीवर नमाजाची जागा, तंबूत गुरुद्वारा. १९१५ च्या ऑगस्टमध्ये राजा पाचव्या जॉर्जने याच हिरवळीवर जमादार मीर दस्तला व्हिक्टोरिया क्रॉस दिला.

ही व्यवस्था खरोखरच चांगली होती. तिची छायाचित्रेही भरपूर काढली गेली. इंग्रजी, गुरुमुखी आणि उर्दूत एक सचित्र पुस्तिका निघाली. राजाने आपला वाडा शिपायांसाठी रिकामा करून दिला, असा समज हिंदुस्थानात पसरला आणि तो कोणी फारसा खोडला नाही. वाडा राजाचा राहून चौसष्ट वर्षे झाली होती. तो पालिकेचा होता, आणि खरे श्रेय त्या गावच्या करदात्यांचे.

पण मला तुम्हाला न्यायचे आहे ते टेकडीवर.

वर्कहाऊस म्हणजे गरीबखाना. ज्यांना पोट भरता येत नाही त्यांनी इथे यावे, काम करावे आणि अपमानासह जेवावे, अशी व्हिक्टोरियन इंग्लंडची व्यवस्था. ब्रायटनचे हे वर्कहाऊस १८६७ साली उघडले. ते गावापासून दूर, वाऱ्याच्या तोंडावर चढावर बांधले होते. लांबच लांब दर्शनी भिंत, एकसारख्या खिडक्यांच्या रांगा, मधोमध घड्याळाचा मनोरा. आत येणाऱ्याला कुठेही आपलेपणा वाटू नये, याची दक्षता वास्तुकाराने घेतलेली दिसते. महायुद्धात इथल्या गरिबांना दुसरीकडे हलवून १९१५ च्या आरंभी ‘किचनर इंडियन हॉस्पिटल’ उघडले. ब्रायटनच्या तिन्ही इस्पितळांत हे सर्वांत मोठे. म्हणजे चित्रांतून जगभर गेले ते पॅव्हेलियन, पण शिपायांची मोठी संख्या गेली ती गरीबखान्यात.

त्याचा प्रमुख होता कर्नल सर ब्रूस सेटन. शिपायांनी गावात मोकळे हिंडू नये, विशेषतः गोऱ्या बायकांशी त्यांचा संबंध येऊ नये, याची सरकारला धास्ती होती. सेटनने आवाराला काटेरी तारा लावल्या, पहारे बसवले. बाहेर जायचे ते परवानगीने, गटाने, नजरेखाली. ही बंधने जखमी शिपायांपुरती नव्हती. इस्पितळात काम करणाऱ्या हिंदी कर्मचाऱ्यांनाही ती लागू होती. त्यात सब-असिस्टंट सर्जनही आले, म्हणजे शिकलेली, रोग्यांची जबाबदारी वाहणारी माणसे. फ्रान्समध्ये ज्या साम्राज्यासाठी हे लोक राबत होते, त्याच्याच घरी त्यांना फाटकाबाहेर पाऊल टाकायची मुभा नव्हती. पॅव्हेलियनलाही कुंपण होतेच. पण किचनरची कडकशाही वेगळी, तुरुंगासारखी. तिथून लिहिलेल्या पत्रांत तक्रारीचा हाच सूर निघे, आणि ही पत्रे लष्करी तपासनीस उघडून वाचत.

या सब-असिस्टंट सर्जनांत एक होता जगू गोडबोले.

आडनाव वाचताच तुम्ही थांबला असाल. मीही थांबलो होतो. १९१५ साली या गोडबोल्यांनी कर्नल सेटनला गोळी घालण्याचा प्रयत्न केला. कारण ही बंधनेच. सेटन वाचला. गोडबोल्यांना सात वर्षांची सक्तमजुरी झाली.

ही हकीकत मी कुणाला क्रांतिकारकांच्या मालिकेत बसवण्यासाठी सांगत नाही. तसा दावा करायला आधार नाही. पिस्तूल उचलणे हा न्याय नव्हे, आणि डॉक्टरी पेशाच्या माणसाने तर नव्हेच, असे कोणी म्हणाल तर मी वाद घालणार नाही. पण एक गोष्ट मनातून जात नाही. सहा वर्षांपूर्वी याच गावच्या किनाऱ्यावर एक मराठी तरुण मायदेशी परत जाता येईना म्हणून तळमळला. त्याचे शब्द आपण जपले. त्याच गावात, कवितेवाचून, दुसरा एक मराठी आडनावाचा माणूस कोंडमाऱ्याने इतका भडकला, आणि आपल्याला त्याचे नावही ठाऊक नाही. सेटनची दुसरी बाजूही सांगायला हवी. हिंदी शिपाई लढाई टाळायला स्वतःच्या हातावर गोळी मारून घेतात, असा संशय वरिष्ठांना होता. सेटनने एक हजार जखमा तपासून अहवाल लिहिला, आणि तो संशय जखमांवरून सिद्ध होत नाही असा निष्कर्ष दिला. जखम वाचताना हा माणूस प्रामाणिक होता. जखमी माणसाला फाटकाबाहेर सोडायला मात्र तयार नव्हता. युद्धानंतर त्याने बॅगपाइप वाजवणाऱ्या स्कॉटिश सैनिकांवर एक पुस्तक लिहिले. गोडबोल्यांचे असे काही छापील मागे राहिले नाही.

जे शिपाई इथे वारले, त्यांतल्या मुसलमानांना वोकिंगच्या शाहजहान मशिदीजवळ दफन केले. हिंदू आणि शीख त्रेपन्न जणांचे दहन पॅचम गावावरच्या गवताळ डोंगरावर झाले. त्या जागी एक स्मारक आहे आणि त्याचे नावच ‘छत्री’ आहे. इंदूर-ग्वाल्हेरच्या वाचकांना हा शब्द समजावून सांगायची गरज नाही. होळकरांच्या आणि शिंद्यांच्या छत्र्यांच्या सावलीत तुमच्यापैकी कित्येकांचे बालपण गेले असेल. ब्रायटनचे महापौर जॉन ऑटर यांनी ही कल्पना लावून धरली. आराखडा मुंबईच्या ई. सी. हेन्रिक्स या तरुण हिंदी वास्तुकाराचा, देखरेख जयपूरच्या बांधकामांमुळे नावाजलेल्या सर स्विंटन जेकबची. म्हणजे या गावात हिंदुस्थानातल्या माणसाच्या हाताखालून उतरलेला घुमट पाहायचा असेल तर पॅव्हेलियन सोडून इथे यावे लागते. पांढऱ्या सिसिलियन संगमरवराचा, आठ खांबांचा, एकोणतीस फूट उंच. समोर चितांच्या जागा झाकणाऱ्या तीन ग्रॅनाइटच्या शिळा. १ फेब्रुवारी १९२१ रोजी प्रिन्स ऑफ वेल्सने अनावरण केले. त्याच वर्षी ऑक्टोबरात पतियाळाच्या महाराजांनी पॅव्हेलियनच्या दक्षिण फाटकाचे उद्‌घाटन केले. हिंदी संस्थानिकांनी आणि जनतेने कृतज्ञतेची भेट म्हणून दिलेली, गुजराती धाटणीची ती कमान आहे. कृतज्ञता कोणी कोणाची मानायची, हा प्रश्न तिथे उभे राहून माझ्या मनात आला खरा.

छत्रीवर एकाही मृताचे नाव नव्हते. दुसऱ्या महायुद्धात सराव करणाऱ्या सैनिकांच्या गोळ्याही तिला लागल्या; नंतर डागडुजी झाली. २०१० साली, म्हणजे जवळजवळ शंभर वर्षांनी, शेजारी एक भिंत उभारून तिच्यावर त्या त्रेपन्न जणांची नावे कोरण्यात आली. दर वर्षी जूनमध्ये तिथे लोक जमतात आणि फुले वाहतात.

तुमची मुले-नातवंडे आता लंडनला असतात, तुम्हीही कधी जाल. पॅव्हेलियन पाहाच, तिकीट महाग असले तरी पाहा. मुदपाकखान्यात दोन मिनिटे जास्त थांबा. मग एल्म ग्रोव्ह नावाच्या रस्त्याने पूर्वेकडे चढत जा. दम लागतो, गरीबखान्याकडे जाणाऱ्यांनाही लागत असेल. वर ‘ब्रायटन जनरल हॉस्पिटल’ अशी पाटी दिसेल. तीच ती इमारत, तोच घड्याळाचा मनोरा. ती संरक्षित वास्तूंच्या यादीत आहे. आत जायला तिकीट नाही, पाहण्यासारखे दालनही नाही. रस्त्याच्या पलीकडच्या पदपथावर उभे राहिलात तर सगळी दर्शनी भिंत नजरेत येते, आणि मागे वळलात तर उताराच्या टोकाला समुद्र दिसतो.

छत्रीपर्यंत गाडी जात नाही. शेवटचा टप्पा गवतातून पायीच करावा लागतो, आणि पाऊस पडून गेला असेल तर खडूच्या मातीचा चिखल बुटांना चिकटतो.